जुन्या फोटोतल्या घोडेस्वाराची बंदूक कशी ओळखावी

अमेरिकेच्या पश्चिम भागातला जुना फोटो. घोड्यावर रुंद टोपीवाला माणूस, मांडीवर आडवी बंदूक. खाली कोणीतरी लिहून मोकळं होतं, ‘विंचेस्टर ७३’, म्हणजे विंचेस्टर कंपनीचं १८७३ चं मॉडेल. दहापैकी किती वेळा ते बरोबर निघतं हे नशिबावर. चूक होते ती बहुतेक वेळा बंदुकीचं ज्ञान कमी असल्यामुळे नाही, तर क्रम उलटा लावल्यामुळे. बंदुकीचं नाव हे शेवटचं काम आहे. त्याआधी फोटो कुठल्या प्रकारचा, तो उलटा आहे का, आणि त्यात खरोखर किती दिसतंय, एवढं ठरवावं लागतं.

शब्दांचा एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. मराठीत बंदुकीलाही घोडा असतो. या लेखात घोडा म्हणजे चार पायांचाच; बंदुकीच्या घोड्याला ‘हॅमर’ म्हटलं आहे. बाकी नळी, दस्ता, चाप, काडतूस हे नेहमीचे शब्द. काडतूस नसलेल्या, दारू-गोळी भरून चालणाऱ्या हत्यारांना ‘ठासणीची’ म्हटलं आहे.

## तयारी

हाताशी हे ठेवा: १० पट मोठं दाखवणारं भिंग, लहान चुंबक, मिलिमीटरची पट्टी, १२०० डीपीआयचा (इंचामागे १२०० ठिपके टिपणारा) स्कॅनर आणि फोटो फिरवता-उलटवता येईल असं कुठलंही साधं सॉफ्टवेअर.

स्कॅन किती बारीक हवा, त्याचा हिशोब असा. स्वार आणि घोडा मिळून उंची साधारण ८ फूट धरा. फोटोत ती ३ इंच आली, तर सगळं ३२ पट लहान झालं. कोल्ट रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) सुमारे १.६ इंच लांब असतं. फोटोत ते ०.०५ इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर. ३०० डीपीआयवर त्याला १५ पिक्सेल मिळतात, १२०० वर ६०. पंधरा पिक्सेलांत सिलिंडरवर खाचा आहेत की नाहीत हे कोणालाही सांगता येणार नाही. मूळ फोटो हातात नसेल तर संग्रहाच्या संकेतस्थळावरची सर्वांत मोठी फाइल घ्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जॉन ग्रॅबिलचे डकोटातले १८८७ ते १८९२ चे फोटो आहेत. तिथे छोट्या जेपीजीशेजारी मोठी टिफ फाइलही मिळते. सरावाला हा संग्रह उत्तम.

सावधान: एआयने ‘सुधारलेला’ किंवा रंगवलेला फोटो या कामाला बाद. ते सॉफ्टवेअर नसलेले स्क्रू काढतं, लीव्हरची कडी स्वतःच्या मनाने पूर्ण करतं, आणि चित्र इतकं स्वच्छ दिसतं की शंका येत नाही. मूळ धूसर प्रतच वापरा.

## टप्पा १: फोटोची जात ठरवा

मागच्या बाजूला, कागद मध्ये धरून चुंबक हलकेच लावा. ओढला गेला तर लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप. काच असेल तर बहुधा अँब्रोटाइप. आरशासारखा चकाकणारा, कोन बदलला की चित्र नाहीसं होणारा असेल तर डॅगेरोटाइप. कागदी फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर पुठ्ठा मोजा: साधारण अडीच बाय चार इंच म्हणजे कार्त-द-व्हिझित, सव्वाचार बाय साडेसहा म्हणजे कॅबिनेट कार्ड. कॅबिनेट कार्ड १८६६ पासून. टिनटाइपचं पेटंट १८५६ चं, पण जत्रांमध्ये तो विसाव्या शतकातही निघत राहिला. म्हणून ‘टिनटाइप आहे, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) वेळचा’ हा तर्क टाकून द्या.

पुठ्ठ्याची मागची बाजू न वाचता पुढे जाऊ नका. छायाचित्रकाराच्या नावाखाली ‘डकोटा टेरिटरी’ (टेरिटरी म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश) छापलं असेल तर पुठ्ठा नोव्हेंबर १८८९ पूर्वी छापलेला. त्यानंतर तिथे दोन राज्यं झाली. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको मात्र १९१२ पर्यंत टेरिटरीच होत्या. मागे अमेरिकन महसुलाचं तिकीट चिकटवलेलं असेल तर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ ही दोन वर्षं पक्की. पोस्टकार्डाच्या मागे मधोमध रेघ मारून पत्त्याची आणि मजकुराची जागा वेगळी केलेली असेल तर ते अमेरिकेत मार्च १९०७ नंतरचं.

## टप्पा २: उजवं-डावं तपासा

सगळ्यात जास्त गाड्या इथे घसरतात. टिनटाइप, डॅगेरोटाइप आणि बहुतेक अँब्रोटाइप आरशातल्यासारखे उलटे असतात, कारण त्यात छपाईसाठी वेगळी निगेटिव्ह नसते. लेन्समधून पडलेलं चित्र तेच अंतिम चित्र. निगेटिव्हवरून कागदावर छापलेला फोटो सरळ असायला हवा. पण टिनटाइपची कागदावर नक्कल काढली असेल तर उलटेपणाही तिच्यात उतरतो. आणि काही संग्रह स्कॅन करताना गुपचूप सुलटा करून ठेवतात. म्हणून जातीवरून अंदाज, पण खात्री बंदुकीवरून.

नियम असा. फोटो स्क्रीनवर फक्त फिरवा, उलटवू नका, चाप किंवा लीव्हर खाली येईपर्यंत. आता बघा:

- विंचेस्टरचं काडतूस भरायचं झाकण फ्रेमच्या (बंदुकीच्या मधल्या धातूच्या सांगाड्याच्या) उजव्या अंगाला असतं. झाकण दिसतंय आणि नळीचं तोंड तुमच्या उजवीकडे आहे, तर फोटो सरळ. तोंड डावीकडे, तर उलटा.
- कोल्ट १८७३ ची रिकामी काडतुसं ढकलणारी बारीक नळकांडी मुख्य नळीच्या उजव्या अंगाला. नियम तोच.
- शार्प्स आणि स्प्रिंगफील्ड या बंदुकांची लॉकप्लेट, म्हणजे हॅमर बसवलेली लोखंडी पट्टी, उजव्या अंगाला. नियम तोच.
- घोडदळी कार्बाइनची (आखूड नळीच्या बंदुकीची) खोगिराला अडकवायची कडी डाव्या अंगाला. इथे नियम उलटा: कडी दिसतेय आणि तोंड डावीकडे, तर सरळ.

बिली द किड या कुप्रसिद्ध गुन्हेगाराचा न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला १८७९-८० च्या सुमारास काढलेला टिनटाइप हे याचं शाळेत शिकवावं असं उदाहरण. जेमतेम दोन बाय तीन इंचांचा पत्रा. कार्बाइन जमिनीवर टेकवून तो उभा आहे, आणि पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं. एवढ्यावरून तो डावखुरा असल्याची समजूत कित्येक दशकं चालली. पण कार्बाइन मॉडेल १८७३ ची विंचेस्टर आहे, आणि तिचं झाकण फोटोत डाव्या अंगाला दिसतं. तशी विंचेस्टर कारखान्यात बनतच नव्हती. फोटो उलटवला की झाकण जागेवर येतं आणि पिस्तूल आपसूक उजव्या कमरेला जातं.

तपासा: बंदुकीत घडलेली खूण आणि अंगावर घातलेली वस्तू यांत मतभेद झाला तर बंदुकीचं ऐका. उलटं चित्र येणार हे ठाऊक असलेले सैनिक कधी कधी मुद्दाम पट्टा-तलवार दुसऱ्या बाजूला बांधून बसत. शर्टाची बटणं हा दुय्यम पुरावा. पट्ट्याच्या बक्कलवरची किंवा दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मात्र खोटं बोलत नाहीत.

## टप्पा ३: रंगावर विसंबू नका

‘फ्रेम काळी दिसतेय, म्हणजे लोखंडी, मग ही १८६६ ची पितळी विंचेस्टर नव्हे.’ वाचायला पटतं, पण चूक. त्या काळच्या काच-पत्र्यावरच्या रसायनाला निळा प्रकाश भरपूर दिसे, पिवळा-लाल फारच कमी. त्यामुळे पितळ काळपट येतं, निळं आकाश पांढरं फटक येतं. उलट निळसर पोलादावर ऊन पडलं की ते चांदीसारखं चमकतं. पितळ की लोखंड हे आकारावरूनच ठरवायचं. निकेलचा मुलामा मात्र बहुधा सगळीकडून सारखा पांढरा दिसतो.

## टप्पा ४: लांब बंदूक — आधी कुळ, मग मॉडेल

पहिला प्रश्न: चापाभोवतीची कडी लांब होऊन लीव्हर झाली आहे का? दुसरा: नळीखाली आणखी एक नळी आहे का? तिसरा: हॅमर मधोमध आहे की उजव्या अंगाला?

लीव्हर आहे, खाली दुसरी नळी नाही, हॅमर बाजूला. ही शार्प्स किंवा स्पेन्सर. शार्प्सची फ्रेम उंच, उभ्या ठोकळ्यासारखी. लीव्हर खाली ओढला की ठोकळा खाली सरकतो. स्पेन्सरची फ्रेम लांब आणि बोजड, आणि सात काडतुसांची नळी दस्त्याच्या पोटात असल्यामुळे बाहेरून मॅगझिन (काडतुसांचा साठा) दिसतच नाही. दोन्ही घोडदळाच्या, यादवी युद्ध संपल्यावर सामान्य माणसांच्या हातात आल्या.

लीव्हर नाही, हॅमर उजव्या बाजूला, एकच नळी. घोडेस्वाराकडे असेल तर स्प्रिंगफील्डची ‘ट्रॅपडोअर’ कार्बाइन आधी तपासा: २२ इंची नळी, अर्धीच लाकडात, लाकडाला एकच पट्टी. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सैन्याच्या सातव्या घोडदळाकडे हीच होती. हॅमर मधोमध, मोठा, त्याच्यापुढे तेवढाच मोठा गोलसर ठोकळा आणि बाजूला लॉकप्लेट नाही, तर रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक.

लीव्हर आहे, खाली दुसरी नळीही आहे, हॅमर मधोमध. आता विंचेस्टरची चर्चा सुरू करायची, पण आधी मार्लिन बाद करा. मार्लिनची १८८९ नंतरची मॉडेलं वरून पूर्ण बंद असतात, काडतूस उजव्या अंगाने बाहेर पडतं. विंचेस्टरची फ्रेम वरून उघडी. वरची रेघ अखंड, गुळगुळीत दिसली तर मार्लिनकडे झुका.

मग या क्रमाने उतरा:

1. नळीखाली लाकडी पकड नाहीच, नुसत्या दोन नळ्या? हेन्री. १८६६ मध्येच ती बंद झाली आणि सुमारे १४ हजारच बनल्या, तेव्हा सहजासहजी हे नाव घेऊ नका. बऱ्याचदा लाकूड हाताखाली झाकलेलं असतं.
2. लाकूड आहे, बाजूला झाकण आहे, पण फ्रेमच्या माथ्यावर धुळीचं सरकतं झाकण नाही? १८६६.
3. माथ्यावर ते सरकतं झाकण आणि त्याचा रूळ, शिवाय फ्रेमच्या कुशीवर वेगळ्या प्लेटची कडा? १८७३ किंवा १८७६.
4. कुशीवर वेगळी प्लेट नाही, एकसंध पोलाद? १८८६, १८९२ किंवा १८९४. या तिघींतला फरक घोड्यावरच्या फोटोत अनेकदा लागत नाही. लीव्हर उघडा असेल तरच लाभ: १८९४ मध्ये फ्रेमचा तळच लीव्हरबरोबर खाली झुकतो.
5. वरच्या कसोटीला अपवाद: लीव्हर आहे, हॅमर मधोमध, नळीखाली मॅगझिनची नळी नाही, पण चापापुढे पोट आलेलं? १८९५, पेटीच्या मॅगझिनची.

१८७३ आणि १८७६ यांत गफलत सर्वांत जास्त, कारण दुसरी ही पहिलीचीच मोठी आवृत्ती. नुसत्या आकारावरून ठरवू नका. बुटक्या माणसाच्या हातात १८७३ सुद्धा मोठी दिसते. कार्बाइन असेल तर लाकूड बघा. १८७३ च्या कार्बाइनचं लाकूड नळीच्या अर्ध्यापर्यंतही पोचत नाही. १८७६ च्या कार्बाइनचं जवळजवळ तोंडापर्यंत जातं, आणि शेवटी धातूची टोपी. कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांच्या फोटोंत दिसते ती हीच.

सावधान: सिनेमात पाहिलेला आकार डोक्यातून काढा. १८७० च्या दशकातल्या कथांवरच्या जुन्या चित्रपटांत सर्रास १८९२ चं मॉडेल वापरलेलं असतं. डोळ्याला ‘ओळखीची’ वाटणारी विंचेस्टर बहुधा तीच.

## टप्पा ५: रिव्हॉल्व्हर

सिलिंडरच्या वरून फ्रेमची पट्टी जाते का, हा पहिला प्रश्न. पट्टी नाही, वरून मोकळं, तर ठासणीचं कोल्ट (किंवा त्याचं काडतुशी रूपांतर). अष्टकोनी नळी असेल तर १८५१ नेव्हीकडे जा. गोल नळी, आणि सिलिंडरचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जाड, मध्ये पायरी, तर १८६० आर्मी.

पट्टी आहे आणि नळीखाली त्रिकोणी पडद्यासारखा भाग दिसतो, तर रेमिंग्टन. फ्रेमखाली पुढच्या बाजूला बिजागरी, म्हणजे हत्यार मधून मोडून उघडतं, तर स्मिथ अँड वेसन नंबर ३. चापाच्या कडीखाली मधल्या बोटासाठी काटा असेल तर त्यातलं ‘रशियन’.

पट्टी आहे, पडदा नाही, नळीशेजारी बारीक नळकांडी आहे, तर कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी, १८७३. हिच्या नळीच्या तीन लांब्या नेहमीच्या: साडेसात, साडेपाच आणि पावणेपाच इंच. पावणेपाचची खूण सोपी, नळकांडी आणि नळी जवळजवळ एकाच रेषेत संपतात. बाकी दोन्हींसाठी सिलिंडरची लांबी एक धरून नळी मोजा: साडेसातला ती साडेचार पटीच्या थोडी वर येते, साडेपाचला सुमारे ३.४ पट.

मोजायचं ते सिलिंडरच्या लांबीशी, मुठीच्या उंचीशी नव्हे. बंदूक कॅमेऱ्याकडे तिरपी असली की नळी आखूड दिसते, पण सिलिंडरही त्याच दिशेने असल्यामुळे तेही तेवढंच आखूड दिसतं, आणि प्रमाण टिकतं. मूठ वेगळ्या दिशेला असते, ती तशी आखडत नाही. पिस्तूल थेट लेन्सकडे रोखलेलं असेल तर मात्र मोजूच नका.

## टप्पा ६: म्यान, पट्टा, खोगीर

घोड्यावरच्या फोटोत बंदूक बहुधा चामडी म्यानात असते आणि फक्त दस्ता दिसतो. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी चंद्रकोरीसारखी खोल असेल तर रायफल, उथळ असेल तर बहुधा कार्बाइन. तिथेच थांबा.

पट्ट्यातली काडतुसं बघा. १८७३ च्या विंचेस्टरचं .४४-४० चं काडतूस गोळीसकट सुमारे १.६ इंच, .४५-७० चं अडीच इंचांच्या पुढे. पट्ट्यात लांब काडतुसं आणि हातात १८७३ ची विंचेस्टर असेल तर दोघांचं जमत नाही, कारण त्या बंदुकीत ती काडतुसं जातच नाहीत. मग एकतर ओळख चुकली, किंवा बंदूक स्टुडिओची. छायाचित्रकार हत्यारं, टोप्या, विजारीवर चढवायची मेंढीच्या कातड्याची आवरणं (चॅप्स) बाळगून असत. मागे रंगवलेला पडदा, जमिनीवर वाळलेलं गवत पसरलेलं आणि कोऱ्या कपड्यांतल्या माणसाच्या हातात दोन-दोन पिस्तुलं दिसली की ‘त्याची बंदूक’ असं लिहू नका, ‘त्याच्या हातातली’ असं लिहा.

## टप्पा ७: बंदुकीवरून वर्ष काढताना

बंदूक फक्त सुरुवातीची हद्द देते: ‘या वर्षाच्या आधीचा नाही’. शेवटची हद्द ती देत नाही. १८७३ ची विंचेस्टर विसाव्या शतकातही बनत होती, एकूण सुमारे ७ लाख २० हजार. कोल्ट १८७३ चं उत्पादन १९४० पर्यंत चाललं. म्हणून १८७३ चं मॉडेल दिसलं की ‘इ.स. १८७३’ लिहिणं म्हणजे दुचाकीवर स्प्लेंडर दिसली म्हणून फोटो १९९४ चा ठरवण्यासारखं. शेवटची हद्द पुठ्ठा, छपाई, टेरिटरीचं नाव आणि कपडे यांतून काढा. फोटोत अनेक हत्यारं असतील तर सर्वांत उशिराचं हत्यार सुरुवातीची हद्द ठरवतं.

आपल्याकडच्या पूना हॉर्ससारख्या रिसाल्यांच्या जुन्या फोटोंना टप्पा १ ते ३ जसेच्या तसे लागू आहेत. चौथ्या टप्प्यातली यादी मात्र बदलते: बाहेर हॅमर आणि उजवीकडे बिजागरीने उघडणारा ठोकळा, तर स्नायडर, बाहेर हॅमरच नाही आणि चापामागे लीव्हर, तर मार्टिनी.

## टप्पा ८: नोंद लिहा

प्रत्येक पायरीला स्वतंत्र खात्री द्या: ठाम, बहुधा, किंवा नाही सांगता येत. आणि प्रत्येकीपुढे फोटोत दिसलेलं कारण. ‘तज्ज्ञांच्या मते’ हे कारण नव्हे, जुनी पाठीमागची पेन्सिलची टीपही नव्हे; ती वेगळ्या ओळीत ‘टीप अशी आहे’ म्हणून उतरवा. नमुना:

प्रकार: कॅबिनेट कार्ड, पुठ्ठ्यावर ‘डकोटा टेरिटरी’. दिशा: सरळ (ठाम, झाकण दिसतं, तोंड उजवीकडे). कुळ: लीव्हर, नळीखाली मॅगझिन, विंचेस्टर (ठाम, माथ्यावर धुळीचं झाकण). मॉडेल: १८७३ किंवा १८७६ (नाही सांगता येत, लाकडाचं टोक स्वाराच्या हाताखाली). रिव्हॉल्व्हर: झाकणाच्या म्यानात, फक्त मुठीचं टोक (नाही सांगता येत). काळ: १८७३ नंतरचा (बंदूक), पुठ्ठा नोव्हेंबर १८८९ पूर्वी छापलेला. मागची टीप: ‘काका, विंचेस्टर ७३ सह’, पेन्सिल, हस्ताक्षर नंतरचं.